डाव्या कानावरची टोपी

"होडीला तेल पाजायचं सोडून मी हितं कागदाचं तेल पुसत बसलोय. ही वयनी मला कामाचा ठेवायची नाय."

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. कान तसे मला नाहीत, पण बोलणारा माणूस इतका जवळ वाकला होता की त्याच्या मिशा मला टोचत होत्या. त्याच्या एका हातात पटाशी होती, दुसऱ्या हातात तेलाने थबथबलेला कागद आणि तोंडात ही कुरकुर. पुढे मला कळलं की केरू सुताराला कुरकुरल्याशिवाय काम येतच नाही. ज्या दिवशी तो गप्प, त्या दिवशी काम बिघडलं म्हणून समजावं.

मी एक जुना लाकडी ठसा आहे. वीतभर लांब, पंजाएवढा रुंद आणि फणसाचा असल्यामुळे मूळचा पिवळा. आता शाई, मासे आणि माणसांचे हात लागून काळा पडलो आहे. सध्या माझा मुक्काम खाजणवाडीच्या जेटीवर, मच्छीमार सोसायटीच्या खोलीत, काचेच्या कपाटात असतो. खाली होडी जेटीला लागली की कपाटाची काच जराशी थरथरते. ती थरथर मला फार आवडते. का आवडते, तीच माझी गोष्ट.

माझं झाड खाजणवाडीतलंच. एका वादळात ते पडलं आणि त्याच्या फळ्या केरूने होडीला लावल्या. उरलेला तुकडा म्हणजे मी. माझी भावंडं दर्यावर गेली आणि मी गेलो रत्नागिरीला, आनंदीबाईंच्या छापखान्यात. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. लाकडाच्या जातीला समुद्राचं फार कौतुक असतं. शाईतही पोहता येतं हे मला कुठे ठाऊक?

आनंदीबाई बाजारामागच्या बोळात दोन खोल्यांच्या कौलारू घरात 'डोलकाठी' नावाचं साप्ताहिक चालवत. ते त्यांच्या यजमानांनी काढलेलं. यजमान गेले तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता छपाईचे शिशाचे खिळे वजनावर विकतील आणि माहेरी खाजणवाडीला जातील. बाईंनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी छापखान्याचं दार उघडलं, शाईचा डबा हुंगून पाहिला आणि म्हणाल्या, "सुकली नाही अजून." बस, एवढंच. सातवी शिकलेल्या ह्या बाई तेव्हापासून संपादक झाल्या.

चित्रं काढायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी दुकानातून साखर-चहाच्या पुड्या येत, त्या जुन्या वर्तमानपत्रांच्या असत. आनंदी पुडी सोडवायची, कागद हाताने सपाट करायची आणि त्यातली राजकारणाची व्यंगचित्रं गादीखाली जपून ठेवायची. गोरे साहेब, टोपीवाले पुढारी, पोट सुटलेले व्यापारी, रेशनच्या रांगा. मोठेपणी त्या सांगत, "ह्या पुढाऱ्याचं नाव आता कुणाला विचारलं तर सांगता येत नाही. पण त्याचं नाक बघा, अजून जिवंत आहे. भाषणं विरून जातात, नाकं राहतात."

त्या काळी पेपरात चित्र छापायचं तर जस्ताचा ठोकळा कोल्हापूरहून किंवा मुंबईहून करून आणावा लागे. तो येईपर्यंत चित्रातला पुढारी पक्ष बदलून मोकळा! म्हणून बाईंनी आपली युक्ती काढली. त्या पातळ कागदावर शाईने चित्र काढत आणि त्यावर खोबरेल तेल चोळत. तेलाने कागद काचेसारखा होतो, चित्र दोन्ही बाजूंनी दिसतं. मग तो कागद लाकडावर पालथा घालून, रेघांवरून दाभण टोचत केरू खुणा करी आणि पटाशीने कोरी. ठशात सगळं उलटं कोरलं की छापताना सुलटं येतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. केरू होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फुलं आणि मासे कोरणारा माणूस. त्याला हे काम पोरखेळ. फक्त एक नियम होता. लाकडात अक्षर कोरायचं नाही. अक्षरं खाली खिळ्यांनी जुळवायची. सहीसुद्धा अक्षरांची नव्हे, एका कोपऱ्यात छोटीशी कुर्ली, म्हणजे खेकडी.

आणि पालथी बाजू कुठली हे चुकू नये म्हणून बाई कागदाच्या मागच्या बाजूला हळदीचं बोट लावत. हळद दिसेल ती बाजू वर. इतकं साधं.

आता खाजणवाडीचं राजकारण सांगतो. घाबरू नका, ते टोपीएवढंच आहे.

गावात दोन पुढारी. एक आप्पा आणि दुसरे सखाराम. आधी दोघे एकत्र होते, एकाच होडीत बसून मतं मागत. मग बिनसलं. कशावरून, ते दोघांच्याही लक्षात राहिलेलं नाही. आप्पा लहानपणापासून टोपी उजव्या कानावर कलती घालत, म्हणून बिनसल्याच्या दुसऱ्या दिवशी सखाराम टोपी डाव्या कानावर घालून बाजारात आले. त्यांच्या माणसांनीही तेच केलं. झालं! तेव्हापासून खाजणवाडीत माणूस कुणाचा हे विचारावं लागत नसे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा उजव्या कानाची पंगत वेगळी, डाव्या कानाची वेगळी. बोडक्या डोक्याचे लोक कुठे बसायचं म्हणून उभेच.

दोघांचं वचन मात्र एकच होतं: जेटी. खाजणवाडीला धक्का नव्हता. ओहोटीला होड्या लांब चिखलात थांबत आणि बायका डोक्यावर माशांच्या पाट्या घेऊन, गुडघाभर, कधी मांडीभर चिखल तुडवत काठाला येत. दर निवडणुकीच्या आधी कुणीतरी मोठा माणूस यायचा, जांभ्याच्या चौथऱ्यावर संगमरवरी कोनशिला बसायची, नारळ फुटायचा, पेढे वाटले जायचे. मग निवडणूक व्हायची आणि कोनशिलेवर शेवाळ चढायचं. अशा चार झाल्या. तीन आप्पांनी बसवून घेतलेल्या, मधली एक सखारामांनी. एका कोनशिलेवर बायका गोधड्या आपटत, दुसरीवर जाळी सुकवत.

त्र्याऐंशी साली चौथी कोनशिला बसली त्याच आठवड्यात बाईंनी माझं चित्र काढलं.

चित्र असं. चार कोनशिला समुद्रात ओळीने मांडल्या आहेत. पहिलीवर शिंपले धरलेत, दुसरीवर शेवाळ, तिसरीचा हार सुकलेला, चौथीचा हार ताजा. त्या चौथऱ्यांवर पाय देत, एकीवरून दुसरीवर, डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण ऐटीत होडीकडे चालली आहे. आणि काठावर एक पोटवाला पुढारी, बगलेत छत्री, दुसऱ्या हातात पाचवी कोनशिला घेऊन उभा आहे. खाली खिळ्यांत एकच ओळ: 'झाली एकदाची जेटी!'

कोळीण म्हणजे हिरा. खाजणवाडीची, आनंदीबाईंची लहानपणची मैत्रीण. तिची मान आणि कमरेवरचा हात बघून कुणीही सांगितलं असतं. आणि पुढारी?

मित्रांनो, इथे माझ्या लाकडाला अजून कळ येते. तो पुढारी म्हणजे आप्पा. त्यांच्या जाड भुवया, त्यांचं पोट, त्यांची उजव्या कानावरची टोपी. आणि छत्रीला ठिगळ. ते ठिगळ आनंदीबाईंनी स्वतःच्या जुन्या चोळीचं शिवलं होतं, भाऊबीजेला. आप्पा त्यांचे सख्खे थोरले भाऊ होते.

चित्र काढून झाल्यावर बाईंनी तेलाची बाटली काढली. मग कागदाला तेल चोळायला लागल्या आणि चोळतच राहिल्या. लक्ष दुसरीकडे असलं की हात थांबत नाही. तेल जास्त झालं. त्या तेलात हळदीचं बोट पाझरलं आणि दोन्ही बाजूंना सारखंच पिवळं झालं. आणि केरू, कुरकुरत, तेल पुसत, चुकीची बाजू वर घेऊन बसला.

पहिलं प्रूफ निघालं. केरूने ते बघितलं आणि त्याची कुरकुर थांबली. तेव्हाच मला शंका आली.

"वयनी," तो हळूच म्हणाला, "टोपी."

बाई म्हणाल्या, "दिसतेय मला."

टोपी डाव्या कानावर गेली होती. सगळं चित्रच उलटं झालं होतं, पण कोनशिला इकडून तिकडे गेल्या काय नि तिकडून इकडे आल्या काय, कुणाला कळणार? अक्षर एकही नव्हतं. कुर्ली दोन्हीकडून कुर्लीच. बदललं होतं ते एवढंच की पुढारी आप्पांचा सखाराम झाला होता.

"हळद दोन्हीकडनं सारखी दिसली हो. मी उद्या सकाळपर्यंत दुसरा कोरून देतो. अंक न्यायची एष्टी दुपारची हाय."

बाईंनी प्रूफ उजेडात धरलं. खाली ठेवलं. परत उचललं. मग त्यांनी एक श्वास सोडला, तो माझ्या ओल्या शाईवरून गेला. सुटकेचा श्वास होता तो, पण त्याला वास चांगला नव्हता.

"नको. असू दे."

"पण वयनी, मग हा आप्पा—"

"केरू, चहा घे."

केरूने चहा घेतला. आणि मी छापला गेलो.

मला वाटलं होतं, गावात गहजब होईल. झाला, पण भलताच. आप्पांचं खाजणवाडीत किराणा दुकान होतं. त्यांनी 'डोलकाठी'चा गठ्ठाच मागवला, चित्र कापून गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला धरायला सुरुवात केली. हे मला माझ्या छापाने सांगितलं असं समजा. छाप आणि ठसा यांचं आतून बोलणं चालू असतं.

"काय, ओळखलास का कोण ता?" आप्पा विचारत.

गिऱ्हाईक चित्राकडे बघे. मग आप्पांच्या पोटाकडे बघे. मग बगलेतल्या छत्रीकडे, तिच्या ठिगळाकडे. मग छपराकडे.

"ओळखलं."

"मग सांग की, कोण?"

"तुमीच सांगा आप्पा. तुमाला काय ठाव नसतं?"

"अरे, सखाराम! टोपी बघ ना मेल्या, टोपी!"

"व्हय तर. टोपी त्याचीच. अर्धा किलो साखर द्या."

सगळ्या गावाला कळलं होतं, मित्रांनो. ज्याचं चित्र होतं तो एकटाच सोडून. आणि कुणीच बोललं नाही, कारण ज्याचं त्याचं काहीतरी अडलेलं होतं. कुणाची उधारी, कुणाच्या मुलाची शाळेतली नोकरी, कुणाचा नुसता भिडस्त स्वभाव. सखाराम तरी बोलतील असं वाटलं होतं. ते आपल्या माणसांना म्हणाले, "टोपी माझी नि पोट आप्पाचं. भांडू कोणाशी? आणि चारांतली एक शिळा माझी हाय, ती लोकांना कशाला आठवून देऊ?"

भाऊबीजेला आप्पा ओवाळून घ्यायला आले. पाटावर बसता बसताच म्हणाले, "आनंदी, काय चित्र काढलंस गो! सखारामाची पार जिरवलीस. भावाची लाज राखलीस."

बाईंनी भराभर ओवाळलं. "दादा," त्या म्हणाल्या, "आणखी एक घावन घे."

आता मला सांगा, ज्याला टोचायचं तोच खदाखदा हसतोय, अशा चित्राचा उपयोग काय? विंचवाने पायावर येऊन गुदगुल्या कराव्यात तसं झालं. जेटी जिथल्या तिथे राहिली, म्हणजे कुठेच नाही.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर होड्या परत सुरू झाल्या. एका सकाळी ओहोटीला हिरा भरली पाटी घेऊन होडीतून उतरली. पाय चिखलात रुतला, अंग पुढे गेलं. पायाचं हाड मोडलं. बांगडे चिखलभर पसरले आणि ती पडल्या पडल्या कावळ्यांना शिव्या घालत होती.

बाई तिला बघायला गेल्या. मी त्यांच्या पिशवीत होतो. का आणलं होतं त्यांनी मला, देव जाणे. कदाचित माफी मागायची असेल आणि शब्द सापडत नसतील. हिराच्या घरात, कुडाच्या भिंतीला, माझा छाप लावलेला होता.

"बघतेस काय? मीच लावलाय," हिरा पाय सावरत म्हणाली. "चित्रात मी कशी तोऱ्यात चाल्लंय! घोटासुद्धा भिजला नाय."

बाई तिच्या उशाशी बसल्या.

"आनंदीबाय, एक बोलू?"

"बोल ना."

हिराने मैत्रिणीच्या तोंडाकडे बघितलं. तिला काय दिसलं कुणास ठाऊक. "काय नाय," ती म्हणाली. "जरा पाणी दे."

बाईंनी पाणी दिलं. पिशवीचं तोंड काही उघडलं नाही.

हिराचा पाय बरा झाला पण लंगडी चाल राहिली. होड्यांवर जाणं सुटलं. ती रत्नागिरीत बहिणीकडे राहायला आली आणि छापखान्याच्या दारातच, पायरीच्या कोपऱ्यात, विळी मांडून लोकांना मासे साफ करून देऊ लागली. बाईंनी स्वतःच तिला ती जागा दिली होती. त्यानंतर बाईंनी रस्त्यांवर चित्रं काढली, विजेवर काढली, पाण्याच्या टाकीवर काढली. जेटीवर काढलं नाही. टोपी तर कुणाच्याच डोक्यावर काढली नाही. त्यांच्या चित्रांतले पुढारी एकाएकी सगळे उघड्या डोक्याचे झाले.

मग आमचे दिवस फिरले. रत्नागिरीत ऑफसेटचा मोठा छापखाना आला. बाई कागदावर काढत तसंच्या तसं चित्र तिथे छापून येई. तेल नको, हळद नको, केरू नको. आमचं पायाने चालवायचं ट्रेडल मशीन लग्नपत्रिका आणि पावत्यांपुरतं उरलं. आम्ही लाकडी ठसे पोत्यात गेलो. एक दिवस बाईंनी जागा मोकळी करायला घेतली आणि ते पोतं हिराला दिलं. "जळणाला ने," म्हणाल्या, पण माझ्याकडे बघून नव्हे.

मित्रांनो, त्या पोत्यात कोण कोण होतं! उद्घाटनाच्या फितीला गुंडाळून निजलेला इस्पितळाचा दरवाजा होता. खड्ड्यात अर्धी बुडालेली एष्टी होती, टपावरचा कंडक्टर गळ टाकून बसलेला. विजेच्या खांबाला कंदील अडकवणारी म्हातारी होती. एकेक ठसा म्हणजे आमच्या भागातलं एकेक वर्ष होतं. आज कुणी विचारलं की इस्पितळाचं दार किती काळ बंद होतं, तर सांगायला कोण आहे? ज्यांनी ते बंद ठेवलं, ते सांगणार नाहीत. सांगणारे ठसे चुलीत गेले आणि त्यांच्यावर भात शिजला. भाताबद्दल माझी तक्रार नाही. भूक लागलेल्या माणसाला इतिहास उकडून घालता येत नाही. पण तुमच्या घरी माळ्यावर असलं काही जुनं, ओबडधोबड, कुणाची तरी थट्टा करणारं पडलेलं असेल, तर जळणात टाकण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. एवढीच माझी विनवणी आहे. आणि बघाल तेव्हा नुसता छाप बघू नका. ठसाही बघा.

हिराने मला हातात घेतलं, आणि पाटी घेतलेली बाई तिला दिसली. "ही नाय जाळायची," ती म्हणाली. तिची विळी डगमगत असे. तिने मला विळीच्या पाटाखाली सारलं, तोंड खाली करून. तीन पावसाळे मी तिथे काढले. बांगडे, सौंदाळे, मांदेली, सगळ्यांचं पाणी माझ्यावरून गेलं. शेवटी मीही समुद्राचं थोडंफार पाहिलं म्हणायचं.

आणि मग ती दुपार आली. तिची सगळी हकिगत सांगतोच, पण नंतर काय झालं ते आधी सांगून टाकतो. शेवटचं वाक्य मला शेवटीच ठेवायचं आहे.

तर, पाचवी कोनशिला बसलीच नाही. आप्पा सखारामांच्या घरी स्वतः गेले. दोघे एकाच एष्टीने, एकाच बाकावर बसून, मुंबईला गेले आणि बंदराच्या साहेबापुढे माझा छाप ठेवून म्हणाले, "आमची ही अब्रू. आता सिमेंट द्या." एका खेपेत नाही झालं, पुष्कळ खेपा झाल्या. पण ह्या वर्षी जेटी झाली. उद्घाटनाला फीत नव्हती. हिराने पाटी घेऊन पहिली पायरी चढायची, एवढंच ठरलं होतं. ती लंगडत चढली आणि वर जाऊन म्हणाली, "जरा निसरडी हाय, खरवडून घ्या." शाळेची मुलं आता मला बघायला येतात. माझ्या शेजारी माझा छाप लावलेला आहे. गुरुजी विचारतात, दोन्हींत फरक काय? मुलं नाक काचेला लावून शोधतात.

आता ती दुपार.

आप्पा घामाघूम होऊन छापखान्यात आले. टोपी उजव्या कानावर, बगलेत तीच छत्री. केरू दाराची बिजागरी बसवत होता, अर्थात कुरकुरत. हिरा पायरीवर मासे साफ करत होती. मी तिच्या विळीखाली.

"आनंदी, पत्रिका छापायच्या हायत. जेटीच्या कोनशिलेच्या."

पायरीवरून आवाज आला, "कितवी?"

"तू मासे साफ कर," आप्पा म्हणाले. मग खुशीत येऊन बाईंकडे वळले. "आणि ऐक. तुझं ते चित्र होतं ना, सखारामाचं? ता परत छाप. मंडपात माणसागणिक एक वाटू. पुन्हा सगळ्यांना कळू दे, जेटी कोणी रखडवली ती."

केरूची कुरकुर थांबली.

बाई खिळ्यांच्या खणांकडे बघत म्हणाल्या, "दादा, तो ठसा हरवला."

"हरवला कसा? शोध."

"जळणात गेला असेल. तू बस ना. चहा टाकते."

"चहा नको मला. ठसा बघ."

मग विळीचा पाट कर्रकन सरकला. हिराने मला ओढून बाहेर काढलं, लोट्यातलं पाणी माझ्यावर ओतलं, पदराने माझं तोंड पुसलं. लंगडत आत आली आणि मला आप्पांच्या हातात ठेवलं.

"ह्यो घ्या तुमचा सखाराम."

तीन वर्षांनी उजेड दिसला आणि समोर आप्पांचं तोंड. मित्रांनो, इतक्या वर्षांत त्यांनी माझे शेकडो छाप पाहिले होते. मला कधीच पाहिलं नव्हतं. आणि केरूने चुकून सुलटा कोरलेला असल्यामुळे माझ्या अंगावर सगळं जिथल्या तिथे होतं. टोपी उजव्या कानावर.

आप्पांचा हात आपसूक स्वतःच्या टोपीकडे गेला.

"ही... ही टोपी हिकडे कशी?"

केरू मध्ये पडला. बिचारा, तो मदतच करत होता. "ठसा उलटाच असतो आप्पा. छापला की टोपी डावीकडे जाते. म्हंजी सखारामच. ह्ये आमच्या कामातलं हाय, तुमी मनावर घेऊ नका."

वाट अगदी साफ होती. आप्पांनी नुसती मान हलवली असती तर सगळे सुटले असते. चहा झाला असता, पत्रिका छापल्या असत्या, पाचवी शिळा बसली असती.

पण आप्पा मान हलवेनात. ते मला खिडकीपाशी घेऊन गेले. त्यांनी आपला जाड अंगठा माझ्यावर ठेवला, बरोबर टोपीवर. टोपी अंगठ्याखाली झाकली गेली आणि खाली उरला तो माणूस. भुवया. पोट. हातातली पाचवी शिळा. छत्री. छत्रीचं ठिगळ. त्यांनी बगलेतली छत्री काढून माझ्याशेजारी धरली. मग चित्रातल्या कोळणीकडे बघितलं, ती शिळांवरून कशी चालली आहे ते. आणि मग वर मान करून खऱ्या हिराच्या पायाकडे.

मी त्यांच्या हातात होतो, म्हणून मला ठाऊक आहे: तो हात आधी घट्ट झाला, इतका की वाटलं आता भिरकावतात मला. मग सैल पडला. खूप वेळ उचललेलं ओझं कुणी खाली ठेवावं, तसा.

"दादा," बाई कशाबशा म्हणाल्या, "मला तेव्हाच..."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, आणि माझ्याकडे बघत बघत हसू लागले. दुकानात हसत तसं खदाखदा नव्हे. हळू, आतल्या आत, डोळे भरून.

"छत्रीचं ठिगळसुद्धा सोडलं नायस गो आनंदी," ते म्हणाले. "हा सखाराम कसला? हा मीच."